रायपुरात रुजताना

नागपूर-अमरावतीकडच्या घरात रायपूरच्या बदलीचा कागद आला, की पहिली चिंता असते करमण्याची. तिकडे करमेल का, मुलांच्या शाळेचं काय, शेजार कसा असेल, भाजीपाला आपल्यासारखा मिळतो का? या प्रश्नांची उत्तरं वर्षभरात मिळून जातात आणि ती बहुतेक समाधानाचीच असतात. रायपूर हे बाहेरून आलेल्याला लवकर मानवणारं शहर आहे. मात्र इथे ज्या मराठी घरांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांच्याशी निवांत बोलायला बसलं की जमाखर्च वेगळा निघतो. परप्रांतात जाण्याचा फायदा जाणाऱ्याच्या पदरात लगेच पडतो. त्याची किंमत उशिरा येते, आणि ती बहुधा दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. कधी ती सुनेच्या वाट्याला येते, कधी नातवाच्या, कधी जातीच्या दाखल्यासाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांमध्ये हेलपाटे घालणाऱ्या मुलीच्या. रायपुरात राहण्याचे फायदे-तोटे मांडायचे तर फक्त आलेल्या माणसाला विचारून भागत नाही.

मराठी माणूस इथे पहिल्यांदा आला तो सत्तेबरोबर. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालच्या स्वारीवर निघाल्या आणि 1741 मध्ये वाटेत त्यांनी तेव्हाचं इथलं मुख्य ठाणं असलेलं रतनपूर घेतलं. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरातच राहून कारभार पाहू लागले. तिथल्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधलं. ती टेकडी आज रामटेकरी म्हणून ओळखली जाते आणि नागपूरच्या माणसाला तिथे रामटेकची आठवण आल्याशिवाय राहत नाही. 1787 मध्ये बिंबाजी गेले आणि सुभेदारांचा अंमल सुरू झाला. नागपूरहून नेमलेला सुभेदार, त्याच्या हाताखालचे कमाविसदार, फडणीस, बरारपांडे, असा सगळा लवाजमा इथे आला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यू यानं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं, 1830 मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला, आणि 1853 च्या अखेरीस तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीनं नागपूरचं राज्यच खालसा केलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बूढ़ापाऱ्यात आणि ब्राह्मणपाऱ्यात जुनी मराठी आडनावं भेटतात, त्यांतल्या बऱ्याच घरांचा धागा या काळापर्यंत किंवा त्याच्या लगेच नंतरच्या कचेरीच्या नोकऱ्यांपर्यंत जातो.

या इतिहासाबद्दल आपण मराठी माणसं इथे फार अभिमानानं बोलतो. मला ते खटकतं. छत्तीसगढच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुभेदारी अमलाची आठवण आहे ती मुख्यतः वसुलीची. नागपूरला पैसा पोचवणं हे त्या व्यवस्थेचं पहिलं काम होतं आणि इथल्या शेतकऱ्यानं ते सोसलं. परक्या मुलखात राहणाऱ्यानं आपले पूर्वज तिथे कशासाठी आले होते हे यजमानाच्या बाजूनंही एकदा समजून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरी लाट आली ती रेल्वेबरोबर. बंगाल नागपूर रेल्वे 1887 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत नागपूरहून रायपूर-बिलासपूरमार्गे पूर्वेकडे सलग रूळ गेले. गँगमन, फिटर, गार्ड, स्टेशनमास्तर, तारबाबू अशी माणसं विदर्भातून आली. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, विद्यापीठ नागपूरचं, आणि 1936 नंतर हायकोर्टही नागपूरचं. म्हणजे रायपूरचा वकील, मास्तर, डॉक्टर शिकायला नागपूरला जाई आणि नागपूरचा कारकून नोकरीला रायपूरला येई. 1 नोव्हेंबर 1956 ला हे सगळं तुटलं. रायपूरची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला गेलं, नागपूर आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेलं. रायपूरच्या मराठी घरांनी कुठलंही स्थलांतर केलं नव्हतं. तरी एका रात्रीत ती परप्रांतीय झाली. त्याच सुमारास भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. 1959 मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातले हजारो तरुण हात तिकडे वळले. 2000 मध्ये छत्तीसगढ राज्य झालं तेव्हापासून येणाऱ्यांची तऱ्हा बदलली. आता येतो तो बँकेतला, औषध कंपनीतला, सिमेंट-पोलाद कंपन्यांतला, एम्सपासून आयआयएमपर्यंतच्या नव्या संस्थांतला माणूस. त्याला तात्यापारा माहीत नसतो. तो शंकरनगर, देवेंद्रनगर किंवा थेट नवा रायपूरला उतरतो.

या नव्या माणसाला शहर काय देतं? पहिली गोष्ट म्हणजे सुटसुटीत जगणं. पुण्या-मुंबईत जेवढ्या भाड्यात दोन खोल्या येतात, तेवढ्यात इथे मोकळंढाकळं घर मिळतं. कचेरी, शाळा, बाजार यांत दिवसातले चार तास जात नाहीत. 1956 मध्ये पायाभरणी झालेलं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय आज एनआयटी आहे आणि तिथल्या निम्म्या जागा राज्यातून बारावी झालेल्यांसाठी असतात. पूर्वी जरा मोठं दुखणं आलं की रायपूरचा माणूस नागपूरची गाडी पकडायचा. 2012 पासून एम्स सुरू झाल्यावर ती धावपळ पुष्कळ कमी झाली. जुन्या मराठी घरांतले म्हातारे मात्र अजूनही नागपूरच्या डॉक्टरांचंच नाव काढतात.

दुसरी गोष्ट सणावारांची. विदर्भातून आलेल्या बाईला इथे फार परकं वाटत नाही, कारण श्रावण-भाद्रपद दोन्हीकडे जवळपास एकाच तालात चालतात. पोळ्याच्या आधी गोलबाजारात गेलं की मातीच्या बैलांच्या रांगा लागलेल्या दिसतात. भाजलेल्या लाल मातीचे, चाकांवरचे, पाठीवर रंगाच्या रेघा ओढलेले नंदीबैल. त्यांच्या शेजारी मुलींसाठी मातीचं इवलंसं जातं, चूल, तवा, पोळपाट असा भातुकलीचा संच. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुलं दारोदार जातात. इथे मुलगा बैल ओढतो आणि मुलगी जात्यावर खोटं खोटं दळते, आणि घरात ठेठरी-खुरमीचा घाणा निघतो. पाठोपाठ तीज येते, म्हणजे आपली हरितालिका. पण छत्तीसगढची तीज ही आधी माहेरची आहे. सासुरवाशीण कितीही वयाची असो, भाऊ नाहीतर बाप तिला न्यायला येतो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपास धरायचा आणि माहेरच्या लुगड्यात तो सोडायचा. भाद्रपदात दोन दिवस इथल्या बसगाड्या बायकांनी भरून वाहतात. माझ्या शेजारी राहणाऱ्या वर्ध्याकडच्या एका काकूंना माहेरी जाणं जमण्यासारखं नव्हतं, तर समोरच्या साहू कुटुंबातल्या आजीनं त्यांच्या ओटीत लुगडं घातलं आणि जेवायला बसवलं. असा शेजार ही इथली मोठी कमाई आहे आणि ती कुठल्याही पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही.

खाण्याचंही तसंच. अंबाडी इथे अमारी म्हणून मिळते, शेवगा मुनगा म्हणून, तूर राहेर म्हणून, आणि कोहळ्याचे सांडगे रखिया बडी होऊन येतात. सकाळच्या पोह्यांना कुणी नवखा राहत नाही, फक्त त्यांच्या बाजूला जिलबी येते. अडतं ते ज्वारीपाशी. हा भाताचा मुलूख आहे. दुबराजसारखा सुवासिक तांदूळ इथे घरचा आहे, पण रोजची भाकरी हवी असेल तर चांगली ज्वारी हुडकावी लागते, आणि भाकरी बडवून देणारी बाई त्याहून अवघड. बाकी त्रास आहे तो उन्हाचा, आणि उरला-सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांच्या काजळीचा. शहराच्या उत्तरेकडे गच्चीत वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी पांढरं राहत नाही, आणि ज्यांच्या छातीत आधीच घरघर आहे त्यांनी त्या बाजूला घर घेऊ नये.

गावाकडे जाणं-येणं हा परगावी राहण्याचा अर्धा प्रश्न असतो, आणि रायपूरनं तो पूर्वीच सोडवलेला आहे. हावडा-मुंबईच्या मुख्य मार्गावरचं हे स्टेशन असल्यामुळे मुंबई मेल, गीतांजली, पुण्याची आझाद हिंद अशा गाड्या रोज जातात. डिसेंबर 2022 मध्ये बिलासपूर-नागपूर वंदे भारत सुरू झाली. नागपूर सुमारे तीनशे किलोमीटरवरच आहे, त्यामुळे सकाळी निघून बारशाला जाऊन रात्री परतता येतं. दरेकसाच्या जंगलातून गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात डोंगरगढच्या बमलेश्वरी देवीचं देऊळ दिसतं. मध्ये कुठेतरी राज्य बदललेलं असतं, पण डब्यातली बोली बदलत नाही. गोंदियाच्या पूर्वेकडच्या गावांत छत्तीसगढी सहज कानावर पडते, आणि खाली बस्तरात बोलल्या जाणाऱ्या हलबीला तर भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं आपल्या भाषा-पाहणीत मराठीच्या खंडात जागा दिली होती.

इतकं जवळ असणं हे वरदान आहे असं आपण धरून चालतो. भाषेच्या बाबतीत मात्र या जवळिकीनंच घात केला आहे.

रायपूरच्या जुन्या मराठी घरांत भाषा कशी उतरत गेली ते एकाच दिवाणखान्यात ऐकायला मिळतं. आजोबा ‘मी येऊन राहिलो’ असं नागपुरी वळणाचं मराठी बोलतात. मुलगा ‘मी त्याला सांगून दिलं’ म्हणतो, म्हणजे शब्द मराठी आणि वाक्य हिंदी. नातू आई-बाबांना आई-बाबा म्हणतो आणि पुढचं सगळं हिंदीत. तो मराठी समजतो. आजी काय म्हणाली ते त्याला बिनचूक कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. एका घरी मी आजीच्या दासबोधाची प्रत नातवाला मोठ्यानं वाचताना ऐकलं. देवनागरी त्याला शाळेपासून येते, त्यामुळे तो अडखळत नव्हता. पण बाळाचा बाल झाला होता, चमच्यातला च आणि चारातला च एकसारखे येत होते, आणि ओवीचा तोल कुठेच सापडत नव्हता. आजी हातातली वात वळायची थांबून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. मुलगा वाचतो आहे हेच त्यांना पुष्कळ होतं.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांशी ही परिस्थिती ताडून पाहावी. तिथे धोका पहिल्या दिवसापासून उघडा होता. लिपी वेगळी, शाळा वेगळी, शेजारी वेगळा. मुलाच्या तोंडची भाषा जाणार हे आईबापांना दिसत होतं म्हणून त्यांनी हातपाय हलवले. 1981 मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं आणि पुढे शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, अभ्यासक्रम, परीक्षा असं सगळं उभं राहिलं. मॉरिशसमध्ये तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना शाळेत मराठी विषय घेता येतो. रायपुरात अशी घाई कुणाला वाटलीच नाही. लिपी तीच, देव तेच, गणपती तोच, नागपूर पाच तासांवर. मराठी कुठे जाते आहे, असं सगळे म्हणत राहिले. त्याच 1981 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रायपूरला भरलं होतं, अध्यक्ष होते गंगाधर गाडगीळ. ज्या शहरात इतका मोठा सोहळा करण्याची ताकद होती, त्या शहरात आज मराठी पुस्तकांचं एक दुकान नाही, ही गोष्ट मला मनापासून लागते.

आता याची दुसरी बाजू. परक्या मुलखातली भाषा आपलीशी केल्यानं माणूस मोठा होतो याचा पुरावाही याच मातीत आहे, आणि तो माधवराव सप्र्यांचा आहे. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेला हा मराठी मुलगा बिलासपूर-रायपुरात शिकला. सरकारी नोकरी न धरता त्यानं जानेवारी 1900 मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. संपादनात साथ रामराव चिंचोलकरांची, प्रकाशक वामन बळिराम लाखे. तिघेही मराठी. तीन वर्षं चाललेल्या त्या मासिकात 1901 साली आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्र्यांची गोष्ट हिंदीतली पहिली कथा असल्याचं पुष्कळ अभ्यासक मानतात. 1907 मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली ते पकडले गेले. दासबोध हिंदीत नेला तो त्यांनी, टिळकांचं ‘गीतारहस्य’ निघाल्यावर पाठोपाठ हिंदी वाचकाच्या हाती दिलं तेही त्यांनीच. 1924 च्या देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1926 मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाची शाळा बूढ़ातलावाजवळ आहे आणि लाख्यांच्या नावानं लाखेनगर आहे. लाख्यांचं दुसरं मोठं काम सहकाराचं. सावकाराच्या फेऱ्यात सापडलेल्या छत्तीसगढी शेतकऱ्याला पतपेढीचा आधार मिळावा म्हणून ते आयुष्यभर झटले.

सप्रे मराठी सोडून हिंदीत गेले, असं मी म्हणणार नाही. त्यांना मराठी पक्की येत होती म्हणूनच ते दासबोध आणि ‘गीतारहस्य’ पलीकडे नेऊ शकले. मुक्तिबोधांच्या घरातही हेच दिसतं. गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले आणि त्यांची महत्त्वाची हिंदी कविता तिथल्या तळ्याकाठच्या जुन्या वाड्यात घडली. घरची भाषा मराठी, आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीतले मोठे कवी-समीक्षक झाले. उलट दिशेनंही देवाणघेवाण झाली. बिलासपूरचे सत्यदेव दुबे मुंबईला गेले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमी त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा 1971 चा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला. परमुलखात राहण्याचा खरा लाभ शोधायचा तर तो या माणसांत शोधावा. दोन भाषांत मुरलेला माणूस दोन्ही समाजांना काहीतरी देतो. पण त्यासाठी पहिली भाषा हातात असावी लागते. तिसऱ्या पिढीचा नातू ती गमावून बसला की त्याच्या हाती एकच भाषा राहते, आणि तिथे कोट्यवधी लोक आधीच उभे आहेत.

सुनांबद्दल लिहायला हवं, कारण या विषयावरच्या सभांमध्ये त्या व्यासपीठावर नसतात. रायपूरच्या मराठी घरांची सोयरीक अजूनही नागपूर, अमरावती, जबलपूर, इंदूर अशीच जुळते. नवरा इथेच वाढलेला असतो, त्याचे मित्र, दुकानदार, कचेरी सगळं हिंदीतलं. येणारी मुलगी मराठी शाळेत शिकलेली, एखादीनं मराठीत एम.ए. केलेलं, एखादीनं डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या नोकरीची स्वप्नं पाहिलेली. इथे तिच्या पदवीला फारसं मोल नाही. सरकारी शाळेत शिकवायचं तर हिंदी माध्यम, आणि वर इथला स्थानिक रहिवासी दाखला. मग ती घरात बसते नाहीतर शिकवण्या घेते, आणि घरातली मराठी टिकवण्याचं काम कुणी न सांगता तिच्यावर येतं. मुलं तिच्याशीच तेवढी मराठी बोलतात. ती आजारी पडली किंवा नोकरीला लागली की घरातली मराठी थांबते. तिच्या या कामाची नोंद कुठल्याही मंडळाच्या अहवालात नसते.

सगळ्यात जड किंमत मात्र दलित आणि आदिवासी कुटुंबांनी मोजली आहे आणि मध्यमवर्गीय मराठी मंडळींना तिची कल्पनाही नसते. रेल्वेत, भिलाईत, महापालिकेत कामाला आलेली विदर्भातली बौद्ध कुटुंबं इथे मोठ्या संख्येनं आहेत. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते आणि ती 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आली. त्या तारखेला कुटुंबाचं वास्तव्य ज्या राज्यात होतं, ते त्याचं मूळ राज्य. जमातींसाठी ही तारीख 6 सप्टेंबर 1950. सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात, पुन्हा 1994 मध्ये आणि 2018 मध्ये बीरसिंग खटल्यात हेच सांगितलं, की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राज्याच्या सवलती त्याला मिळत नाहीत, दोन्ही याद्यांत जातीचं नाव एकच असलं तरी. महार हे नाव महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि छत्तीसगढच्याही. तरीही 1956 नंतर भंडाऱ्याहून भिलाईला आलेल्या कामगाराच्या नातीला, जी इथेच जन्मली, इथेच शिकली, छत्तीसगढच्या महाविद्यालयात राखीव जागा मिळत नाही. केंद्राच्या नोकरीत आणि केंद्रीय संस्थांत तिचा जातीचा दाखला चालतो, राज्यात नाही. महाराष्ट्रात परत जावं तर तिथे रहिवासाची अट आडवी येते, आणि राज्य कोट्यातल्या वैद्यकीय जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. ही मुलगी दोन्ही दारांच्या मध्ये उभी आहे. तिच्यावरचा कलंक मात्र सीमेवर थांबला नाही. घर भाड्यानं देताना विचारली जाणारी जात दोन्हीकडे एकच असते.

न्यायालयाचा युक्तिवाद मला कळतो. प्रत्येक राज्यातली विषमता वेगळी, तिथल्या वंचितांचा वाटा बाहेरच्यांनी घेऊ नये. पण दोन-तीन पिढ्यांनंतर ‘बाहेरचा’ हा शब्द कुणाला लावायचा, याचं उत्तर त्यात नाही. संसदेनंच कधीतरी यावर नियम करायला हवा. ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतर राज्यानं आपल्या मातीत जन्मलेल्या मुलाला आपला मानावं, एवढी माफक मागणी आहे. रायपूर-भिलाईच्या मराठी संस्थांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीइतकीच ताकद या मागणीमागे लावली असती, तर ती आज इतकी एकाकी नसती.

यजमानांची तक्रारही ऐकावी. छत्तीसगढ वेगळं झालं त्यामागे एक जुनं दुखणं होतं. खाणी इथल्या, धान इथलं, आणि दुकानं, ठेके, खुर्च्या बाहेरच्यांच्या हाती. ‘परदेसिया’ हा शब्द इथे त्यातूनच येतो. मराठी माणूस संख्येनं थोडा आणि व्यापारात विरळ, म्हणून त्या रोषाचा धनी तो सहसा होत नाही. पण आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून हिंदी शिकलो आणि छत्तीसगढी शिकलो नाही, हे खरं आहे. 28 नोव्हेंबर 2007 ला विधानसभेनं छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारं विधेयक मंजूर केलं. तरी मराठी घरात ती अजून कामवाल्या बाईशी आणि रिक्षावाल्याशी बोलायची भाषा आहे, तीही मोडकी. महाराष्ट्रात येणाऱ्यांनी मराठी शिकावी असा आग्रह आपण धरतो आणि मी त्या आग्रहाच्या बाजूचा आहे. मग ‘बने बने’ म्हणून हसणाऱ्या भाजीवालीला तिच्या भाषेत दोन वाक्यं उलट बोलता येणं हे आपलंही देणं आहे. जे ते देतात त्यांचा अनुभव असा, की शहराचं खरं दार तेव्हा उघडतं.

चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 पासून आहे. गणेशोत्सव, नाटकं, हळदीकुंकू, वधूवर मेळावे हे तर आहेच, शिवाय शाळा, दिव्यांग मुलींचं वसतिगृह अशी कामं मंडळ चालवतं, आणि त्यांचा लाभ फक्त मराठी माणसांना होतो असं नाही. समाजसेवेच्या बाबतीत या संस्थेनं शहरात मिळवलेला मान खरा आहे. नवीन आलेल्यानं आठवड्याभरात तिथे नाव नोंदवावं, असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण भाड्याच्या घरापासून विश्वासू डॉक्टरपर्यंत सगळं तिथे बोलता बोलता मिळतं. पण कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मराठीत आणि प्रेक्षागृहातली कुजबुज हिंदीत, हे चित्र तिथेही आहे. मला वाटतं, उत्सवाच्या खर्चातला थोडा वाटा वाचनाकडे वळवावा. आठवड्यातून दोन तास, दहा-बारा मुलं, आणि मराठी एम.ए. झालेल्या त्याच सुनांपैकी एखादी, तिला रीतसर मानधन देऊन. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्तानं महाराष्ट्र सरकारचा जो काही पैसा भाषेसाठी खर्च व्हायचा आहे, त्यातून रायपूर, बिलासपूर, दुर्ग, भिलाईच्या मुलांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोचायला काहीच हरकत नाही. त्या गोंदियापर्यंत येतातच. पुढे दोन-अडीच तासांची गाडी आहे.

बदलीचा कागद हातात घेऊन विचारणाऱ्याला माझं उत्तर ‘या’ असंच असतं. तुम्हाला करमेल, मुलांचं शिक्षण चांगलं होईल, शेजार लाभेल. फक्त दोन कामं पहिल्याच वर्षी करा. घरातल्या प्रत्येकाच्या जन्माचे, जातीचे, रहिवासाचे मूळ कागद महाराष्ट्रातून नीट काढून आणा, कारण वीस वर्षांनी ते काढायला तुमची मुलगी कुठल्या तहसिलीत उभी राहील ते सांगता येत नाही. आणि रात्री जेवताना मुलानं हिंदीत उत्तर दिलं तर तुम्ही मराठीतच बोलत राहा, त्याला हसू नका, रागावू नका, आणि हे काम त्याच्या आईच्या एकटीच्या गळ्यात टाकू नका.